खोकताना लघवी सुटते : 'पट्टी'चे ऑपरेशन करावे का?

हिंगणघाट तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्रावर नाव नाही आणि ते विचारण्याचे कारणही नाही. वय ४६, तीन बाळंतपणे, घरची कोरडवाहू शेती. त्या लिहितात, "सहा वर्षे झाली, खोकला आला, शिंक आली, पाण्याचा गुंड उचलला की लघवी सुटते. निंदणाला वाकले तरी सुटते. एस.टी.त बसायची भीती वाटते. लग्नकार्याला जाणे सोडले. एका डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हटले. दुसऱ्यांनी लघवीच्या मार्गाखाली पट्टी टाकू म्हटले. मुलाने मोबाइलवर पाहिले की ही पट्टी इंग्लंडात बंद झाली आहे. घरचे म्हणतात, या वयात असे होतच असते. मी काय करावे?"

हे पत्र एकीचे असले तरी प्रश्न अनेकींचा आहे. म्हणून आजच्या लेखात या आजाराची आणि 'पट्टी'च्या ऑपरेशनची माहिती सविस्तर देत आहोत.

लाजेपोटी वाढणारे दुखणे

'या वयात असे होतच असते' हे वाक्य सर्वप्रथम मनातून काढून टाकावे. खोकताना, हसताना, ओझे उचलताना लघवी सुटणे हे म्हातारपणाचे लक्षण नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. यामुळे जिवाला धोका नसतो हे खरे. परंतु बाईचे घराबाहेर पडणे, चारचौघींत बसणे, मजुरीला जाणे यामुळे बंद होते. लघवी सुटू नये म्हणून पुष्कळ स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ असे नवे त्रास मागे लागतात.

आपल्या विदर्भातील स्त्रिया अशी दुखणी किती सोसतात हे वर्ध्यातच वाढलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी जगाला दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले. त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया मात्र १०० मागे जेमतेम ८ होत्या. त्या अभ्यासाचा विषय लघवीची गळती हा नव्हता. परंतु न बोलण्याची सवय तीच आहे.

लघवी का सुटते?

वावरात पाणी देण्याचा रबरी पाइप डोळ्यांसमोर आणा. तो दगडावर ठेवून पायाने दाबला तर पाणी थांबते. तोच पाइप चिखलात असेल, तर कितीही दाबला तरी तो खाली दबत जातो आणि पाणी वाहतच राहते. आपल्या मूत्रमार्गाचेही असेच आहे. मूत्राशयापासून बाहेर येणारी ही नळी स्त्रियांमध्ये साधारण दीड इंच लांबीची असते. तिच्या खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व पडदे यांचा आधार असतो. खोकला आला की पोटातील दाब वाढतो. त्या क्षणी ही नळी खालच्या आधारावर दाबली जाऊन बंद होते आणि लघवी आत राहते. बाळंतपणात, विशेषतः लांबलेल्या किंवा चिमटा लावलेल्या बाळंतपणात, हा आधार ताणला किंवा फाटला जातो. पुढे पाळी गेल्यावर तो आणखी सैल पडतो. वाढलेले वजन, जुना खोकला, कायमचे बद्धकोष्ठ आणि रोजची जड ओझी यांनीही आधार खचतो. दगडाचा चिखल होतो आणि दाब आला की लघवी सुटते. याला आपण 'दाबाची गळती' म्हणू.

सर्व गळती एकसारखी नसते

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पट्टीचे ऑपरेशन हे फक्त दाबाच्या गळतीसाठी आहे. गळतीचे इतरही प्रकार आहेत.

घाईची गळती : लघवीची अचानक जोराची घाई होते आणि मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होते. हा मूत्राशयाच्या चंचलपणाचा प्रकार असून त्यावर औषधे व मूत्राशयाला वळण लावण्याचे उपाय आहेत. येथे पट्टीचा उपयोग नाही, उलट घाई वाढू शकते.

मिश्र गळती : दोन्ही प्रकार एकत्र असतात. कोणता त्रास अधिक आहे हे पाहून उपचार ठरतो.

तुंबून गळणे : मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि वरचेवर थेंब थेंब गळते. जुन्या मधुमेहात असे होऊ शकते. अशा बाईला पट्टी टाकली तर लघवी पूर्णच अडू शकते.

सतत गळणे : उठता-बसता, झोपेतही लघवी वाहत राहते. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर मूत्राशय व योनिमार्ग यांत छिद्र पडल्यास असे होते. याचे ऑपरेशन अगदी वेगळे आहे.

म्हणूनच तपासणीवाचून पट्टीचा निर्णय होता कामा नये. या तपासण्या फार खर्चाच्या नाहीत. तीन दिवस किती पाणी प्यालो, किती वेळा लघवी झाली आणि केव्हा सुटली याची वहीत नोंद ठेवावी. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्यावी. लघवीची साधी तपासणी करून जंतुसंसर्ग पाहावा. रक्तातील साखर तपासावी. मूत्राशय भरलेले असताना डॉक्टर खोकायला सांगतात आणि लघवी सुटते का ते प्रत्यक्ष पाहतात. लघवी झाल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीत कळते. अंग बाहेर येते का, हेही आतून तपासून पाहतात. मूत्राशयाचा दाब मोजणारी मोठी तपासणी प्रत्येकीला लागत नाही. आधी ऑपरेशन झालेले असेल किंवा लक्षणे मिश्र असतील तर ती उपयोगी पडते.

पिशवी काढून गळती थांबेल का?

नाही. दाबाच्या गळतीचे कारण मूत्रमार्गाखालचा खचलेला आधार हे आहे, गर्भाशय नव्हे. गर्भाशय काढल्याने तो आधार परत येत नाही. पिशवी काढण्याला इतर सबळ कारणे असू शकतात, परंतु खोकताना लघवी सुटणे एवढेच कारण असेल तर त्यासाठी पिशवी काढू नये. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातून प्रत्येक बाईने एवढे तरी घ्यावे, की पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास कारण विचारावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

'अंग बाहेर येणे' आणि 'लघवी सुटणे' यांतही गल्लत होते. अंग बाहेर येण्यावर टेपने गर्भाशय वर टांगण्याची ऑपरेशने महाराष्ट्राला जुनी आहेत. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भपात टाळण्याच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी गर्भाशय टेपने मागच्या बाजूला माकडहाडाच्या वरच्या भागाशी बांधण्याची पद्धतही दिली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांच्या नावाचीही अशी एक पद्धत आहे. तीत गर्भाशयाचे तोंड पुढे पोटाच्या भिंतीला टांगतात. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांना त्यामुळे पिशवी राखता येते. या ऑपरेशनांनाही 'स्लिंग' म्हणजे झोळी असेच म्हणतात. त्यामुळे 'माझ्या नणंदेला पट्टी टाकली होती' असे कोणी सांगितले, तर ती गर्भाशयाची होती की मूत्रमार्गाची, हे आधी विचारावे. दोन्हींचे काम वेगळे आणि धोकेही वेगळे.

आधी तीन महिने व्यायाम

दाबाच्या गळतीवर पहिला उपचार हा ऑपरेशन नसून व्यायाम आहे. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी तो सांगितला आणि आजही जगभर तोच प्रथम सुचवला जातो. त्याला पैसा लागत नाही.

चारचौघींत बसलेले असताना वायू सरू नये म्हणून आपण जो भाग आवळून धरतो, तोच भाग आवळायचा. आवळताना आत व वर ओढल्यासारखे वाटले पाहिजे. पाच अंक मोजेपर्यंत धरावे, तेवढाच वेळ सैल सोडावे. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत आणि श्वास रोखू नये. लघवी करताना मध्येच धार तोडण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, तसेच गुंड उचलण्यापूर्वी, हे स्नायू आवळून धरावेत. निदान तीन महिने नेमाने केल्याशिवाय गुण आला की नाही हे ठरवू नये. बरोबर स्नायू आवळला जातो की नाही हे एकदा डॉक्टर, नर्स किंवा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे, कारण पुष्कळ जणी चुकीचा भाग आवळतात.

याबरोबर वजन जास्त असेल तर कमी करावे. वजनात थोडी घट झाली तरी गळती कमी होते असे अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे. चुलीच्या धुराने किंवा तंबाखूने खोकला जडला असेल तर त्याचा उपचार करावा. मलावरोध दूर करावा. चहा कमी करावा, पाणी मात्र तोडू नये. योनिमार्गात बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची रिंग हाही काहींना सोयीचा उपाय आहे.

व्यायामाने किती गुण येतो? नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांवर अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. यातील स्त्रियांचा त्रास मध्यम ते तीव्र होता. निम्म्यांना आधी व्यायाम व निम्म्यांना थेट पट्टी दिली. एका वर्षानंतर पट्टीच्या गटात १०० पैकी ९१ जणींना आराम वाटला, व्यायामाच्या गटात ६४ जणींना. व्यायामाच्या गटातील जवळपास निम्म्या स्त्रियांनी वर्षभरात पट्टी घेतली. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा. पट्टीचा गुण अधिक हे खरे, पण जवळपास निम्म्या स्त्रियांना वर्षभरात ऑपरेशनची गरज भासली नाही हेही तितकेच खरे.

पट्टी म्हणजे नेमके काय?

खचलेल्या आधाराच्या जागी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी पट्टी घालायची, म्हणजे दाब आला की नळी तिच्यावर टेकून बंद होईल, अशी ही कल्पना आहे. चिखलाखाली पुन्हा दगड ठेवण्यासारखेच हे झाले. पट्टी दोन तऱ्हेची असते.

पहिली स्वतःच्या शरीरातील. पोटाच्या खालच्या भागातील स्नायूंवरचे मजबूत आवरण कापून त्याची पट्टी करतात. या पद्धतीची सुरुवात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. यात परकी वस्तू शरीरात राहत नाही हा मोठा फायदा. परंतु पोटावर छेद द्यावा लागतो, दवाखान्यात अधिक दिवस राहावे लागते आणि लघवी अडण्याचा त्रासही अधिक होतो.

दुसरी कृत्रिम पट्टी. ही पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या धाग्याची, साधारण एक सेंटिमीटर रुंदीची विणलेली जाळी असते. हर्नियाच्या ऑपरेशनात बसवतात त्याच जातीची. स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली ही पद्धत मांडली. लहान छेद, कमी वेळ आणि लवकर घरी, यामुळे ती झपाट्याने जगभर पसरली. पट्टीची टोके जांघाडाच्या हाडामागून वर पोटाकडे नेतात. २००१ साली फ्रान्सचे डॉ. देलोर्म यांनी ती टोके मांडीच्या आतल्या बाजूने काढण्याचा दुसरा मार्ग दाखवला.

पट्टी न वापरताही एक ऑपरेशन आहे. १९६१ सालापासूनच्या 'बर्च' पद्धतीत मूत्राशयाच्या मानेजवळचा भाग टाक्यांनी वर बांधतात. ते पोटातून किंवा दुर्बिणीतून करता येते. म्हणजे कृत्रिम पट्टी नको असेल तर दुसरा मार्ग नाही, असे मुळीच नाही.

गुण किती, धोका किती?

गुणाच्या बाजूने पाहता कृत्रिम पट्टीने १० पैकी साधारण ८ ते ९ जणींना एका वर्षात चांगला आराम पडतो. सुरुवातीच्या काळात ऑपरेशन झालेल्या ज्या युरोपीय स्त्रियांची १७ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, त्यांच्यातही १० पैकी ९ जणींची गळती तपासणीत दिसली नाही.

आता धोके पाहू. २०१७ साली जगातील ८१ अभ्यास व १२ हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र करून आढावा घेतला गेला. त्यात असे दिसले :

मूत्राशयाला छिद्र पडणे : पोटाकडून जाणाऱ्या पद्धतीत १०० पैकी ४ ते ५ जणींना, मांडीच्या पद्धतीत १०० पैकी एकीपेक्षाही कमी. ऑपरेशन चालू असतानाच दुर्बिणीने आत पाहिले तर हे लगेच कळते. पट्टी काढून पुन्हा बसवता येते आणि काही दिवस लघवीची नळी ठेवल्यास छिद्र भरून येते. न कळले तर मात्र पुढे खडा, संसर्ग व वेदना होतात.

जांघेत दुखणे : मांडीच्या पद्धतीत १०० पैकी ६ जणींना, पोटाकडच्या पद्धतीत एकीला. बहुतेकींचे काही आठवड्यांत थांबते, परंतु थोड्या जणींचे राहते. वाकून काम करणाऱ्या बाईने हे विशेष ध्यानात घ्यावे.

पट्टी योनिमार्गात उघडी पडणे : दोन्ही पद्धतींत १०० पैकी साधारण दोघींना. यात स्राव, रक्त, टोचणे आणि पतिपत्नी संबंधात त्रास होतो.

याखेरीज लघवी अडणे, वरचेवर जंतुसंसर्ग होणे आणि नव्याने घाईची गळती सुरू होणे हेही घडते. आतड्याला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होणे अतिशय क्वचित, पण गंभीर.

बऱ्याच वर्षांनी काय होते, हे इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदींवरून कळते. पट्टी टाकलेल्या ९५ हजार स्त्रियांची माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. नऊ वर्षांत १०० पैकी ३ ते ४ जणींची पट्टी थोडी किंवा पूर्ण काढावी लागली. तेथीलच ९२ हजार स्त्रियांच्या दुसऱ्या एका पाहणीत ऑपरेशनच्या वेळी, महिनाभरात किंवा पाच वर्षांत काही ना काही गुंतागुंत नोंदली गेली अशा स्त्रिया १०० पैकी जवळपास १० निघाल्या. दवाखान्याच्या नोंदीत आले तेवढेच यात मोजले आहे. ज्या घरीच सोसत राहिल्या त्या यात नाहीत.

सांगायचा मुद्दा असा की शंभरातील नव्वद जणींना हे ऑपरेशन मोठ्या त्रासाशिवाय पार पडते. परंतु उरलेल्यांपैकी काहींचे दुखणे फार चिवट असते. पट्टीभोवती शरीराचे मांस वाढून ती पक्की बसते. म्हणून ती टाकणे अर्ध्या तासाचे काम असले, तरी काढणे हे मोठे व अवघड ऑपरेशन आहे. ती प्रत्येक वेळी पूर्ण निघत नाही आणि निघाली तरी दुखणे थांबेलच असे नाही. पट्टी कायमची आहे हे समजूनच होकार द्यावा.

इंग्लंडात बंद का झाली?

मोबाइलवर पाहिलेली बातमी खोटी नाही, पण अपुरी आहे. परदेशात दोन वेगळ्या वस्तूंवरून वाद झाला. एक म्हणजे अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवली जाणारी मोठी जाळी. दुसरी म्हणजे मूत्रमार्गाखालची अरुंद पट्टी. मोठ्या जाळीचे त्रास अधिक होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्याबद्दल २००८ व २०११ साली इशारे दिले आणि एप्रिल २०१९ मध्ये तिची विक्री थांबवली. मूत्रमार्गाच्या पट्टीवर मात्र अमेरिकेने बंदी घातली नाही.

इंग्लंडात जुलै २०१८ मध्ये मूत्रमार्गाच्या पट्टीचाही वापर स्थगित करण्यात आला. स्कॉटलंडने आधीच असे पाऊल उचलले होते आणि २०२३ साली न्यूझीलंडनेही स्थगिती दिली. इंग्लंडमधील चौकशीचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला. बॅरोनेस कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने शेकडो स्त्रियांचे म्हणणे ऐकले. पुष्कळ स्त्रियांना धोके आधी सांगितलेच नव्हते. कोणाला कोणती पट्टी टाकली याची नीट नोंद नव्हती. आणि वेदना होतात असे सांगत परत आलेल्या स्त्रियांना 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवले गेले. पट्टीच्या धाग्याइतकाच हा न ऐकण्याचा दोष होता.

पट्टी कशाची आहे यालाही महत्त्व आहे. बोस्टन सायंटिफिक कंपनीची 'प्रोटेजेन' नावाची दाट विणीची पट्टी १९९९ साली बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण ती उघडी पडण्याचे प्रमाण जास्त होते. तेव्हापासून एकेरी धाग्याच्या, मोठ्या छिद्रांच्या जाळीलाच पसंती दिली जाते. छिद्रे मोठी असली की शरीराच्या पेशी आत शिरतात आणि जंतूंना लपायला जागा राहत नाही.

आपल्या देशात मूत्रमार्गाची पट्टी वापरात आहे. शरीरात बसवल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. अशा वस्तूंपासून झालेल्या अपायाची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्रास झाल्यास आपल्या डॉक्टरांना तशी नोंद करण्यास सांगण्याचा रुग्णाला हक्क आहे.

कोणी थांबावे?

पुढे मूल हवे असेल तर ऑपरेशन थांबवावे, कारण बाळंतपणात त्याचा गुण जाऊ शकतो. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करावा. साखर आटोक्यात नसेल तर ती आणावी. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल, किंवा ओटीपोटाला किरणोपचार झाले असतील, तर कृत्रिम पट्टी शक्यतो टाळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. आणि व्यायाम केलाच नसेल तर तीन महिने तो करावा. हा आजार वर्षानुवर्षांचा असतो. तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

ऑपरेशनपूर्वी विचारायचे सहा प्रश्न

हा भाग कापून फाइलमध्ये ठेवावा.

१. माझी गळती दाबाचीच आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरले?
२. पट्टी माझ्या शरीरातील की कृत्रिम? कृत्रिम असेल तर पोटाकडून की मांडीतून, आणि माझ्यासाठी तीच का?
३. आपण स्वतः अशी किती ऑपरेशने केली आहेत?
४. ऑपरेशनच्या वेळी दुर्बिणीने मूत्राशय तपासणार का?
५. लघवी अडली किंवा पट्टी उघडी पडली तर उपचार येथेच होईल की दुसरीकडे पाठवाल?
६. पट्टीच्या पाकिटावरील कंपनी, प्रकार व बॅच नंबरचे लेबल माझ्या कागदपत्रांत लावाल का?

चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. येत असेल, तर दुसरे मत घ्यावे. आपला जिल्हा याबाबत सुदैवी आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली मेडिकल कॉलेज उभे राहिले. सावंगी (मेघे) येथेही मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे, आणि नागपूर फार दूर नाही. एका दिवसात जाऊन दुसरे मत घेऊन परत येता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खर्च मिळेल का, हे भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारावे.

ऑपरेशननंतर

सहा आठवडे जड ओझे उचलू नये. म्हणजे पाण्याचा गुंड नाही, कापसाचे गाठोडे नाही, सरपणाची मोळी नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख निंदण किंवा वेचणीच्या तोंडावर घेऊ नये. घरच्यांशी आधी बोलून कामाची वाटणी करून घ्यावी. पतिपत्नी संबंधही सहा आठवडे टाळावेत.

पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नये. लघवी अजिबात न होणे किंवा जोर लावावा लागणे, ताप, वाढते रक्त, ओटीपोटात जोराचे दुखणे, पाय उचलता न येणे. यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. महिन्यांनी किंवा वर्षांनीही वास येणारा स्राव, टोचल्यासारखे वाटणे, पतीला टोचणे, वारंवार जंतुसंसर्ग असे काही झाले, तर 'मला पट्टी टाकली आहे' हे सांगून तपासून घ्यावे. आणि घरच्यांनी 'ऑपरेशन झाले, आता कसले दुखते' असे म्हणू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस

आपल्या पत्रातील वर्णनावरून गळती दाबाची असावी असे वाटते, परंतु तपासल्यावाचून पक्के सांगता येणार नाही. केवळ यासाठी पिशवी काढू नका. लघवी, साखर, सोनोग्राफी आणि खोकण्याची तपासणी करून घ्या. आज रात्रीपासून व्यायाम सुरू करा आणि तीन महिने सोडू नका. तेवढ्याने एस.टी.त बसता आले, लग्नाला जाता आले, तर ऑपरेशनचे नावही काढू नका. गुण आला नाही, तर पट्टीला भिऊन जन्मभर सोसण्याचेही कारण नाही. योग्य बाईला, योग्य तपासणीनंतर, अनुभवी हातांनी टाकलेली पट्टी बहुतेकींना सुख देते. कृत्रिम वस्तू नको वाटली तर स्वतःच्या शरीरातील पट्टी किंवा बर्च ऑपरेशन आहे. वरचे सहा प्रश्न मात्र विचारल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.

आणि एक विनंती. पत्रात जे लिहिले ते शेजारच्या मैत्रिणीपाशीही बोला. कदाचित तीही सहा वर्षे गप्प असेल.